एक तरी जिंकू दे

आज सकाळी दूध आणायला खाली उतरले आणि सप्तपर्णीचा वास आला. दिल्लीत ऑक्टोबर कॅलेंडर बघून येत नाही, असा नाकातून येतो. लोदी कॉलनीतल्या आमच्या सरकारी क्वार्टर्ससमोर ही झाडं रांगेनं उभी आहेत. वर्षभर कुणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही आणि मग एका रात्रीत ती सगळ्या वस्तीला वेठीला धरतात. कुणाचं या वासानं डोकं दुखतं, कुणाला दिवाळीची खरेदी आठवते, कुणाला पुढे येणाऱ्या धुरक्याची धास्ती बसते. मला मात्र या वासाबरोबर एक हरणारी फुटबॉलची टीम आठवते. मग दुधाची पिशवी हातात घेऊन मी जिन्यातच हसत उभी राहिले.

ही टीम आमच्या दिल्लीची. पगारी खेळाडूंची, मोठ्या लीगमध्ये खेळणारी. तिचं नाव मी लिहीत नाही. जी एवढी हरते तिला चारचौघांत आणखी कशाला लाजवा. गेल्या हिवाळ्यात तिनं हरायचे जेवढे म्हणून प्रकार असतील ते सगळे आम्हाला करून दाखवले. कधी शेवटच्या मिनिटाला हरली, तर कधी पहिल्याच मिनिटाला गोल खाऊन उरलेला वेळ सावकाश हरत बसली. पेनल्टी मिळाली तर ती गोलपोस्टच्या वरून थेट दर्यागंजच्या दिशेनं पाठवून दिली. एकदा आमच्या बचावपटूनं डोक्यानं इतका सुरेख गोल केला की क्षणभर लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग लक्षात आलं की बॉल आपल्याच जाळ्यात गेलाय. कोच बदलून झाला, कप्तान बदलून झाला, मधेच जर्सीसुद्धा बदलली. हरण्याच्या सवयीत मात्र बदल नव्हता.

आणि त्या सगळ्या हिवाळ्यात माझ्याइतकी सुखी बाई दिल्लीत दुसरी नसेल. त्याला कारण आमचे अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरचे, आणि तेही शिवाजी पेठेतले. जिल्हा परिषदेत नोकरी केली, पण ती आपली पोटापाण्याची. खरी ओळख तालमीच्या टीमचा गोलकीपर अशी. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नसतो, तिथे गणपती बसतो, वर्गणी निघते आणि फुटबॉलची टीमही असते. पेठ विचारली की माणूस कुणाच्या नावानं ओरडणार ते कळतं. आई गेल्यावर अण्णा त्या घरात एकटेच राहायला लागले. मी फोन केला की सांगायचे, झालं जेवण. काय जेवलात विचारलं की विषय बदलायचे. शेजारच्या काकूंकडून मला कळलं की बऱ्याच रात्री त्यांचं जेवण म्हणजे चहा आणि खारी असतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं निमित्त काढून मी त्यांना दिल्लीला आणलं. ऑपरेशन कोल्हापुरातही झालं असतं, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

आले ते मुळात पाहुण्यासारखे. मुलगी शिकायला बंगळूरला गेलेली, तिची खोली त्यांना दिली, तर बॅगेतले कपडे कपाटात लावेनात. सकाळी लोदी गार्डनला एक फेरी, मग दिवसभर बाल्कनीत. परतीचं तिकीट काढून ठेवलेलं. मी म्हटलं, इथेच राहा. ते म्हणाले, बघू. कोल्हापुरी माणूस 'बघू' म्हणाला की त्यानं आधीच बघून ठेवलेलं असतं, हे मला जन्मापासून माहीत आहे.

आमच्या मंत्रालयातल्या एका सहकाऱ्याकडे मॅचचे दोन पास पडून होते. कुणी घ्यायला तयार नव्हतं. माझे यजमान समीर पुण्याचे, त्यांना क्रिकेट सोडून बाकी सगळं खो-खो वाटतं. तेव्हा मीच अण्णांना घेऊन गेले. जाण्याआधी शेवटचा एक फेरफटका, एवढंच मनात होतं. दिल्ली गेटजवळचं ते जुनं स्टेडियम, क्रिकेटच्या मोठ्या मैदानाच्या अंगाला चिकटलेलं. नोव्हेंबरची संध्याकाळ, दिव्यांभोवती धुरक्याचं पिवळट वलय, हवेत भाजलेल्या शेंगांचा वास. अण्णा डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा लावून पायरीवर बसले. पहिली दहा मिनिटं गप्प होते. मग आमच्या डावीकडच्या खेळाडूला बॉल मिळाला आणि अण्णा उठून उभे राहिले आणि ओरडले, "हाण!"

सगळ्या स्टँडनं वळून बघितलं. त्या पोरानं काही हाणलं नाही, बॉल समोरच्याच्या पायात देऊन टाकला. आम्ही दोन-शून्यनं हरलो. पण आई गेल्यापासून अण्णांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. धुरक्यानं येतं, दिल्लीत सगळ्यांच्याच येतं, कुणी विचारत नाही.

घरी आल्यावर त्यांनी समीरला तिकीट रद्द करायला सांगितलं. समीर चकित. अण्णांनी खुलासा केला तो असा की, एखाद्या टीमसाठी एकदा ओरडलं की ती आपली, आणि आपली टीम हरत असताना तिला सोडून गावाला जायचं नाही. तालमीचा हा जुना नियम होता. टीम हरायला लागली की लोक साखरपुड्याच्या तारखा पुढे ढकलत. माझ्या वेळचं आईचं डोहाळजेवण एका मॅचपायी लांबणीवर पडलं होतं, आणि ते ती शेवटपर्यंत ऐकवत असे.

"एक तरी जिंकू दे," अण्णा म्हणाले. "आपल्या ग्राउंडवर, माझ्या डोळ्यांदेखत. मग निघतो मी."

एवढं सोपं होतं. टीम जिंकली की अण्णा जाणार, कोल्हापूरच्या त्या रिकाम्या घरात, चहा आणि खारीकडे. हरली की राहणार. त्या दिवसापासून मी आपल्या टीमची जर्सी घालून समोरच्या टीमसाठी देवाला साकडं घालू लागले.

काय हिवाळा होता तो! जोरबागला मेट्रो धरायची, केंद्रीय सचिवालयाला बदलायची, दिल्ली गेटला उतरायचं. अण्णांच्या डोक्याला माकडटोपी, गळ्यात टीमचा मफलर, आणि चालण्यात कोल्हापूरच्या स्टेडियमकडे निघाल्याची घाई. त्यांचे आपले एक सोबतीही झाले, भाटियाजी. करोलबागेत शाळेच्या स्वेटरांचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. भाटियाजी रेवडीची पुडी आणायचे, अण्णा घरून कांदा-लसूण चटणीच्या भाकऱ्या न्यायचे. भाटियाजींना ती चटणी पहिल्यांदा लागली तेव्हा बराच वेळ त्यांना मॅच दिसली नाही. पण दुसऱ्या खेपेला त्यांनी मागून घेतली. अण्णांची हिंदी म्हणजे मराठीच, फक्त जरा मोठ्यानं बोललेली. तरी दोघांचं काही अडत नसे, कारण विषय एकच होता. कोच गाढव आहे, यावर दोघांचं एकमत होतं, मग कोच कुठलाही असो.

आणि ते 'हाण'! डिसेंबरपर्यंत आमचा सगळा स्टँड ते ओरडायला लागला होता. लक्ष्मीनगरहून येणारी कॉलेजची पोरं, पंजाबी काका, मणिपूरच्या मुली, सगळे एका सुरात, आणि मधे माकडटोपी घातलेले अण्णा.

मी मात्र जपून असायची. समोरच्यांनी गोल केला की चेहरा पाडायचा, कपाळावर हात मारायचा, 'काय हे' म्हणायचं. आतून आनंदाच्या उकळ्या फुटत. चला, आणखी पंधरा दिवस अण्णा मुक्कामी. परतताना आम्ही मंडी हाउसला उतरत असू. हरल्यावर उपाशीपोटी घरी जायचं नाही, हा तालमीचा दुसरा नियम. कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याचं जुनं सदन आहे, त्याच्या कँटीनमध्ये गरम जेवण मिळे, तिथे बसून अण्णा मिठाची बाटली, पाण्याचा ग्लास आणि चमचे मांडून गोल कुठे अडवायला हवा होता ते मला दाखवत. गोलकीपरवर त्यांचा राग नसे. उंचापुरा, विशीतला पोरगा होता तो, प्रत्येक गोलनंतर जाळ्यातला बॉल स्वतः काढून आणायचा. बाकीचे दहा जण पाठ फिरवून चालायला लागतात आणि वाकायचं एकट्याला लागतं, असं अण्णा सांगत. ते सांगताना त्यांची पोळी ताटात गार होत असे.

एका मॅचचा प्रसंग तर अजून आठवला की मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये खोकल्याचं नाटक करते. कोल्हापुरात गोल झाला की गुलाल उधळतात. दिल्लीत गेटवर नाणीसुद्धा काढून घेतात, तिथे गुलाल कोण नेऊ देणार? अण्णांनी तो काळ्या चष्म्याच्या डबीत भरून नेला. मला पत्ता नव्हता. दुसऱ्या हाफमध्ये आमच्या दहा नंबरनं खरोखरच बॉल जाळ्यात मारला. अण्णांनी डबी उघडली आणि वरच्या वर गुलाल उधळला. भाटियाजींची पांढरी दाढी गुलाबी, पुढच्या रांगेतली पोरं गुलाबी, मी गुलाबी. आणि लाइन्समनचा झेंडा वर. ऑफसाइड. गोल नाहीच. उरलेली मॅच आम्ही त्या रंगात बसून काढली आणि हरलो. पोलिसानं येऊन अण्णांना विचारलं, "अंकल, होली में अभी टाइम है न?" अण्णांनी मान खाली घातली. भाटियाजींनी मात्र जाईपर्यंत दाढी पुसली नाही, म्हणाले, आन्नाजी, इतना तो मिला.

समीर रोज चिडवायचे. आज कितीला पानिपत, असं दारातच विचारायचे. अण्णा बूट काढता काढता सांगत, जावईबापू, पानिपतावर गेलेल्यांची नावं अजून घेतात लोक, घरी बसलेल्यांची कोण घेतंय? समीर हसून चहा ठेवायला जात. जानेवारीत कधीतरी माझ्या लक्षात आलं की अण्णांचे कपडे कपाटात लागलेत. मी कपाटाचं दार हळूच लोटून घेतलं. बोललं की मोडतं, अशी मला भीती होती.

मी ज्या शहरात नोकरी करते ते जिंकणाऱ्यांचं शहर आहे. इथे माणूस पडला की दारावरची पाटी दुसऱ्या दिवशी उतरते, त्याचा फोन वाजायचा थांबतो, त्याच्या लॉनवरच्या खुर्च्या कमी होतात. मी हे पंचवीस वर्षं बघते आहे. आणि याच शहरात थंडीनं कुडकुडत, धुरक्यात खोकत, तीन-चार हजार माणसं पैसे देऊन हरणाऱ्यांच्या शेजारी येऊन बसत होती. त्यांना तिथून काहीही मिळणार नव्हतं. ओळख नाही, बढती नाही, फोटोसुद्धा धड नाही. मला त्या माणसांबद्दल फार प्रेम वाटायला लागलं. वाईट एवढंच की मी त्यांच्यात बसून त्यांच्या विरुद्ध प्रार्थना करत होते.

मधे दोन कठीण प्रसंग आले. एकदा बरोबरी झाली. मी श्वास रोखून अण्णांकडे बघितलं. ते म्हणाले, बरोबरी म्हणजे जिंकलं व्हय? मी श्वास सोडला. दुसऱ्यांदा तर टीम बाहेरगावी जाऊन चक्क जिंकली. आम्ही ती मॅच समीरच्या फोनवर बघत होतो. माझ्या तोंडचं पाणी पळालं. समीरनं मुद्दाम विचारलं, अण्णा, आता तिकीट काढू का? अण्णांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले की आपल्या ग्राउंडवर म्हटलं होतं, आणि फोनमधलं बघणं हे बघणं नव्हे. ते लगेच उठून झोपायला गेले. मला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं.

शेवटची घरची मॅच मार्चच्या सुरुवातीला आली. अंगावरचे स्वेटर उतरले होते. रस्त्याकडेच्या सावरीला लाल फुलं लागली होती आणि ती फुटपाथवर पडून पायाखाली येत होती. ही मॅच हरलो की सीझन संपला, मग अण्णांचा शब्द पुढच्या वर्षापर्यंत लांबला असता. मी सकाळी देवापुढे दोन उदबत्त्या लावल्या.

आणि आम्ही गोल केला. झेंडा वर गेला नाही. शिट्टी वाजली, गोल मान्य. एक-शून्य. माझ्याभोवती सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते आणि मला निजामुद्दीन स्टेशन दिसत होतं. बाकीचा वेळ कसा गेला मला सांगता येणार नाही. आता करतील, मग करतील, अशी मी समोरच्यांची वाट बघत होते. आणि अगदी शेवटी, आमच्या एका बचावपटूनं, स्वभावाला जागून, गोलसमोर समोरच्याला पाडलं. पेनल्टी.

स्टँड गार पडला. भाटियाजींनी डोळे मिटले. मला जे हवं होतं ते समोर ठेवलेलं होतं: बॉल जाळ्यात, बरोबरी, अण्णा इथेच. तो उंच पोरगा गोलमध्ये एकटा उभा होता. हातमोजे एकमेकांवर आपटत होता. सबंध हिवाळा वाकून वाकून बॉल काढलेली त्याची पाठ मला दिसली. समोरचा खेळाडू धावत आला आणि मी बाकावर चढून, होत्या नव्हत्या ताकदीनं ओरडले, "अडव!"

त्यानं डावीकडे झेप घेतली. बॉल त्याच्या तळहाताला लागून बाहेर गेला. शेवटची शिट्टी कुणाला ऐकूच आली नाही. मी रडत होते, हसत होते, कुठल्यातरी अनोळखी मुलीला मिठी मारत होते. आपली टीम जिंकली होती! मला झालेला तो आनंद खरा होता, त्यात खोट नव्हती. मग मी वळून बघितलं. अण्णा खाली बसले होते आणि मैदानाकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातले कपडे काढून बॅगेत भरले. शब्द म्हणजे शब्द. मी थांबा म्हटलं नाही. निजामुद्दीनला कोल्हापूरची गाडी लागलेली होती. समीर पाण्याची बाटली आणायला गेले तेव्हा अण्णा खिडकीतून म्हणाले, "शेवटाला ओरडलीस की गं, सुजा."

मी म्हटलं, म्हणजे काय?

"सगळा सीझन टीम हरली की तुझं तोंड फुलायचं. गोलकीपर हाय मी. समोरच्याच्या मनात काय हाय ते तोंडावरनं कळतंय मला."

"मग बोलला का नाहीत अण्णा?"

ते फलाटाकडे बघत म्हणाले, "बरं चाललं हुतं की."

गाडी हलली. मी घरी आले आणि त्या रिकाम्या कपाटासमोर बसून पोटभर रडले. उन्हाळा गेला, पाऊस गेला. ते फोनवर सांगत, झालं जेवण. मी काय जेवलात विचारायची, ते विषय बदलायचे.

आणि आज हा वास. आज नव्या सीझनची पहिली मॅच. संध्याकाळी ऑफिसातून परस्पर दिल्ली गेटला गेले, एकटीच. भाटियाजींनी शेजारची जागा रुमाल टाकून धरली होती, कुणासाठी ते दोघांनाही माहीत होतं. नवा कोच, नवे खेळाडू, गोलमध्ये तोच उंच पोरगा. या वेळी मी प्रामाणिकपणे, अगदी मनापासून आपल्याच टीमच्या बाजूनं होते. घसा बसेपर्यंत 'हाण' ओरडले. आम्ही तीन-शून्यनं हरलो.

शिट्टी वाजतेय तोवर फोन आला.

"किती?"

"तीन-शून्य."

"कुणाला?"

"आपल्याला, अण्णा. आणखी कुणाला."

पलीकडे भांडं सरकवल्याचा आवाज. मग घसा खाकरल्याचा.

"जावईबापूंना तिकीट काढाय सांग," अण्णा म्हणाले. "आणि माझी रजई उन्हात घालून ठेव."

माझ्या आजूबाजूला माणसं डोकं धरून बसली होती. खेळाडू माना खाली घालून बाहेर जात होते. मी फोन पर्समध्ये टाकला आणि तीन-शून्यनं हरलेल्या त्या अख्ख्या स्टेडियममध्ये एकटीच उभी राहून टाळ्या वाजवू लागले.